जर्मन पोलादाला रेडिओचं दार बंद का?

२०२२ च्या सुरुवातीला जर्मनीत एका गाण्यावरून चांगलंच वाजलं. युरोव्हिजन स्पर्धेला देशातर्फे कोण जाणार, हे तिथली सार्वजनिक प्रसारण व्यवस्था ठरवते. ‘एआरडी’ या संघाच्या वतीनं त्या काळी हे काम हॅम्बुर्गचं ‘एनडीआर’ केंद्र बघायचं. रूर खोऱ्यातल्या कास्ट्रॉप-राउक्सेल गावच्या इलेक्ट्रिक कॉलबॉय या मेटल (म्हणजे जड, फाटक्या आवाजाच्या गिटारींचं रॉक) बँडनं ‘पंप इट’ हे गाणं धाडलं, आणि अंतिम फेरीच्या सहा जणांत त्यांचं नाव आलं नाही. निवड करणारे एआरडीच्याच पॉप रेडिओ केंद्रांतले लोक होते. गाणं दिवसभराच्या रेडिओवर चालण्याजोगं हवं, ही त्यांची अट. चाहत्यांनी लाखाच्या वर सह्या जमवल्या, उपयोग शून्य. त्या वर्षी ट्युरिनला गेलेलं मलिक हॅरिसचं अगदी रेडिओछाप गाणं ६ गुण घेऊन पंचविसावं, म्हणजे शेवटचं आलं.

यावर चाहत्यांनी ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणून घेतलं, पण तो युक्तिवाद टिकत नाही. पुढच्याच वर्षी प्रेक्षकांच्या मतांवर हॅम्बुर्गचा लॉर्ड ऑफ द लॉस्ट हा बँड लिव्हरपूलला गेला. इंडस्ट्रियल मेटल, म्हणजे यंत्राच्या ठेक्यावरचं मेटल, वर ग्लॅमचा चमचमता मुलामा, ‘ब्लड अँड ग्लिटर’ हे गाणं. १८ गुण, सव्विसावा क्रमांक, पुन्हा शेवटून पहिला. तेव्हा स्पर्धेच्या गुणपत्रिकेवरून कुणीच काही सिद्ध करू नये. प्रश्न वेगळा आहे. जर्मनीत दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण-शुल्क सक्तीनं भरावं लागत होतं. त्या पैशावर चालणाऱ्या केंद्रांनी देशातल्या सर्वांत ओळखीच्या संगीत-घराण्यांपैकी एकाला ‘रेडिओयोग्य नाही’ म्हणून बाजूला ठेवलं, तर त्यामागचं कारण खरं आहे का? आमच्या मते नाही. चकचकीत, इलेक्ट्रॉनिक वळणाचं जर्मन मेटल हे आजच्या गिटार-संगीतात तांत्रिकदृष्ट्या रेडिओला सर्वांत सोयीचं संगीत आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कडवे मेटलवाले म्हणतात, हे मूळचं रांगडं संगीत पॉपवाल्यांनी घासूनपुसून मिळमिळीत केलं. इतिहास उलटा आहे. जर्मनीत या संगीताची सुरुवातच सिंथ (सिंथेसायझर) आणि स्टुडिओतून झाली, गिटार मागाहून आली. ड्युसेलडॉर्फ हे क्राफ्टवेर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या बँडचं शहर. तिथूनच आलेल्या ‘डीएएफ’ या जोडगोळीनं १९८१ मध्ये कॉनी प्लांक या ध्वनितज्ज्ञाकडून ‘आलेस इस्ट गूट’ हा अल्बम करून घेतला: सीक्वेन्सरवर (तेच स्वर आपोआप फिरवणाऱ्या यंत्रावर) फिरणारा बेस, जिवंत ड्रम आणि हुकूम सोडल्यासारखा आवाज, एवढाच ऐवज. त्याच वर्षी त्याच शहरातल्या दी क्रुप्सनं ‘श्टालवेर्कझिन्फोनी’ काढला. लोखंडी तुकडे जोडून बनवलेलं ‘श्टालोफोन’ हे त्यांचं घरचं वाद्य. या क्रुप्समधला राल्फ ड्यॉर्पर पुढे प्रोपागांडा या बँडमध्ये होता, आणि त्यांचं १९८४ चं ‘डॉक्टर माबूझे’ ट्रेव्हर हॉर्ननं निर्माण केलेलं. हॉर्न म्हणजे त्या काळच्या लखलखीत पॉप निर्मितीतला पहिल्या फळीतला माणूस. तोच ड्यॉर्पर १९९२ मध्ये क्रुप्सबरोबर मेटॅलिकाची गाणी सिंथवर बसवत होता. म्हणजे पोलाद आणि पॉप एकाच माणसाच्या दोन हातांत होते, आणि तेही रामश्टाइन हा जर्मन मेटलचा बडा बँड जन्माला यायच्या आधी.

उलट दिशेनंही वाहतूक होती. पत्र्यावर हातोडे मारणारे आइनश्ट्यूर्त्सेंडे नॉयबाउटन बर्लिनमध्ये गाजत होते तेव्हा इंग्लंडचा डेपेश मोड त्याच शहरातल्या हान्सा स्टुडिओत येऊन लोखंडाचे आवाज सॅम्पलरमध्ये भरून पॉप गाणी बांधत होता. त्यांचं १९८६ चं ‘स्ट्रिप्ड’ रामश्टाइननं १९९८ मध्ये गायलं.

रामश्टाइनचं स्वतःचं प्रकरणही बोलकं आहे. १९९४ मध्ये बर्लिनला जमलेल्या या सहा जणांना पहिल्या अल्बमसाठी जर्मन निर्माता नको होता. क्लॉफिंगर या स्वीडिश बँडचं ध्वनिमुद्रण त्यांना आवडलेलं, म्हणून त्यांनी याकोब हेलनरला गाठलं आणि ‘हेर्त्सलाइड’ स्टॉकहोमला केला. क्लॉफिंगरमध्ये रॅप, सॅम्पल आणि कोरीव गिटार एकत्र होती. रामश्टाइनला हवा होता तो हा कोरीवपणा. वोल्फ्सबुर्गचे ऊम्फ! त्यांच्याही आधीचे, १९८९ चे, आणि तेही सिंथवरूनच गिटारकडे आलेले.

आता हा आवाज बनतो कसा ते पाहू, कारण ‘रेडिओयोग्य’चं उत्तर तिथेच आहे.

रामश्टाइनचं ‘डू हास्ट’ मिनिटाला साधारण १२५ मात्रांवर चालतं. ही लय नाचाच्या क्लबची. एक मात्रा ४८० मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग १२० मिलिसेकंदांचा. बाकी सगळे हिशेब या १२० वर बसवायचे. गिटार डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि दोन्ही स्वतंत्र वाजवलेल्या. एकच घेऊन दुसऱ्या बाजूला तिची प्रत टाकली तर रुंदी येतच नाही, आवाज मधोमध गोळा होतो. नवशिक्यांची पहिली चूक डिस्टॉर्शनची (गिटारचा आवाज मुद्दाम फाडण्याची युक्ती). खोलीत एकट्यानं वाजवताना जितकं गोड लागतं तितकं ठेवलं, तर तळव्यानं दाबून मारलेल्या ठोक्याचं टोक बोथट होतं. दुहेरी मुद्रणात डिस्टॉर्शनही साचत जातं, म्हणून प्रत्येक गिटार कानाला जरा कोरडीच वाटेल इतकं कमी ठेवायचं. मग ८०–१०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, ८,००० च्या वरचं बरंचसं उतरवायचं. वरची ती सळसळ मेटलवाल्यांना ‘हवा’ वाटते. मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र मिसळल्यावर, ती झांजांच्या आणि व्यंजनांच्या अंगावर जाते.

त्यानंतरचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं: दोन ठोक्यांमधली शांतता हातानं कापायची. नुसत्या गेटवर (हलका आवाज आपोआप बंद करणाऱ्या यंत्रावर) सोडलं तर तो तारेची शेपटी कधी लवकर तोडतो, कधी उशिरा. ती जागा डोळ्यांनी बघून कापायची, कडेला ३ ते ५ मिलिसेकंदांचा उतार द्यायचा, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो. दोन्ही बाजूंच्या गिटार एकाच क्षणी थांबल्या पाहिजेत. डावी थांबल्यावर उजवी ३० मिलिसेकंद रेंगाळली तरी कान ती पकडतो, आणि यंत्राचा भास तिथेच मोडतो. या संगीतातला दरारा त्या थांब्यांमुळे येतो. दणका पडतो, पूर्ण शांतता, पुन्हा दणका. मोठ्या आवाजात सलग घरघरणारी भिंत ऐकताना दहा सेकंदांत कान सरावतो आणि तिचं काहीच वाटेनासं होतं.

खालचा मजला वाटून घ्यायचा असतो. ५०–६० हर्ट्झला किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), त्याच्या अवतीभवती सिंथ बेस, १०० च्या वर बेस गिटारचा किरकिरा भाग. किक पडली की सिंथ बेस ३ ते ५ डेसिबल खाली जावा आणि ८० ते १०० मिलिसेकंदांत परत वर यावा. हे परतणं १२० च्या पुढे गेलं की पुढचा स्वर अर्धवट दबलेलाच सुरू होतो आणि अख्खं गाणं दम लागल्यासारखं वाजतं. नाचगाण्यांत तो परिणाम मुद्दाम आणतात, इथे तो नको असतो.

गिटारच्या जोडीला सिंथ लावला की आणखी एक भानगड उभी राहते. खालची तार ‘सी’पर्यंत उतरवली, म्हणजे ६५ हर्ट्झच्या आसपास, की ती सैल होते. सैल तार जोरात मारली की पहिल्या क्षणाला सूर चढतो, १५ सेंटसुद्धा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). सिंथ मात्र जागचा हलत नाही. ६५ हर्ट्झवर हा फरक जेमतेम अर्धा हर्ट्झ, कुणाला कळणार नाही. पण डिस्टॉर्शननं वरचे स्वरांश फुगवलेले असतात, आणि दहाव्या स्वरांशाला तोच फरक साडेपाच हर्ट्झच्या पुढे जातो. तिथे डगमग स्पष्ट ऐकू येते. लोक मग सिंथ बेसूर आहे म्हणून त्याच्या मागे लागतात. उपाय साधा आहे: जाड तार लावा, ५६ किंवा ६० ची, आणि सूर जुळवताना तार जितक्या जोरात वाजवणार तितक्या जोरात मारून, पहिल्या क्षणाचा आकडा बघून जुळवा.

स्नेअरवर (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर) सॅम्पल, म्हणजे आधी मुद्रित केलेला ठोका, चढवताना अर्ध्या मिलिसेकंदाची चूक पुरते. ४४,१०० च्या हिशेबात ते २२ नमुने. एवढा उशीर झाला की १,००० हर्ट्झच्या आसपास दोन आवाज एकमेकांना खातात, मीटरवर पातळी ठीक दिसते आणि स्नेअर पुठ्ठ्याची वाटते. मग घाईघाईत तिसरं सॅम्पल चढतं, आणि घोळ वाढतो.

गायकाच्या आवाजाच्या बाबतीत जर्मन भाषा स्वतःच एक वाद्य आहे. खर्जातला पुरुषी स्वर, कडक ‘र’, शब्दाच्या टोकाला आपटणारी ‘ट’ आणि ‘त्स’ ही व्यंजनं ड्रमच्या जोडीला बसतात. पण मिक्स जितका चकचकीत तितकी ही व्यंजनं बोचतात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनचा पहिला वर्ग केलेल्याला ‘इश्’चा उच्चार आठवडाभर छळतो. मिक्स करणाऱ्याला तो जन्मभर छळतो. ५,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये तो दाबावा लागतो, आणि सहा डेसिबलच्या वर दाबला की गायक तोतरा वाटू लागतो.

आता हे सगळं रेडिओच्या वाटेवर ठेवून बघा. युरोपातल्या एफएममध्ये प्रक्षेपणाआधी साधारण ३,२०० हर्ट्झच्या वरचा भाग चढत्या प्रमाणात वाढवला जातो आणि घरच्या रेडिओत तितकाच उतरवला जातो. त्यामुळे गाण्यात वरची सळसळ जास्त असली की केंद्राचा लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वरचा आवाज दाबणारं यंत्र) तीच आधी चेपतो आणि झांजा ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाजतात. आमच्या चकचकीत गिटारमधली ८,००० च्या वरची सळसळ आधीच उतरवलेली. जर्मनीत याखेरीज आणखी एक बंधन आहे. एफएम केंद्राच्या एकूण सिग्नलची शक्ती ६० सेकंदांच्या सरासरीनं मोजली जाते आणि तिला कमाल मर्यादा आहे. सलग भिंतीसारखं रॉक गाणं ही सरासरी भरून टाकतं, म्हणून यंत्र त्याला खाली ओढतं. ज्या गाण्यात मोजूनमापून शांतता पेरली आहे, त्याची सरासरी कमी राहते आणि दणके जागच्या जागी ऐकू येतात. खालचा मजला आटोपशीर असला तर तिथेही बचत. मोठ्या तंतुवाद्यवृंदाचं गळेकाढू प्रेमगीत या साखळीतून जाताना जितकं चिरडतं, तितकं ‘डू हास्ट’ चिरडत नाही. मग ‘रेडिओयोग्य’ म्हणजे नक्की काय?

एक शक्यता अशी की अडचण आवाजाची नसून आशयाची आहे. कूचगीतासारखा ठेका, हुकमी आवाज, या गोष्टींबद्दल जर्मनीत सावधपणा आहे, आणि तो असायलाच हवा. रामश्टाइननं ‘स्ट्रिप्ड’च्या चित्रफितीत नाझी काळातली चित्रपट-दिग्दर्शक लेनी रीफेनश्टाल हिनं टिपलेली १९३६ च्या ऑलिंपिकची दृश्यं वापरली, त्यावर गदारोळ झाला, आणि तो झाला हे योग्यच होतं. २००१ मध्ये ‘लिंक्स २-३-४’ (‘लिंक्स’ म्हणजे डावीकडे) गाऊन त्यांना आपण कुठल्या बाजूला आहोत ते सांगावं लागलं. २००९ मध्ये ‘लीबे इस्ट फ्यूर आले दा’ हा त्यांचा अल्बम अल्पवयीनांना विकायला मनाई झाली, पुढच्या वर्षी कोलोनच्या प्रशासकीय न्यायालयानं ती थांबवली. या बाबतीत कुणाला आक्षेप घ्यायचा असेल तर जरूर घ्यावा, पण नावानिशी आणि कारणासकट. न्यायालयापुढे कारण लेखी द्यावं लागतं, त्याचा प्रतिवाद करता येतो. ‘रेडिओयोग्य नाही’ या दोन शब्दांचा प्रतिवाद कसा करणार? आणि इलेक्ट्रिक कॉलबॉयला तर हा आक्षेप लागूच होत नाही. खोट्या केसांचे टोप घालून व्यायामशाळेची टिंगल करणारं गाणं होतं ते.

खाजगी वाहिनीनं हे धाडस कधीच केलं होतं. प्रोझीबेनवरच्या बुंडेसव्हिजन स्पर्धेत राज्याराज्यांचे बँड उतरायचे. २००७ मध्ये तिथे ऊम्फ! जिंकले, २०१० मध्ये उनहाइलिश. प्रेक्षक पळून गेले नाहीत.

उनहाइलिशचं नाव आलंच आहे तर चकचकीतपणाची दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण तिथे मेटलवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे. आखनचा हा प्रकल्प सुरुवातीला काळोख्या इलेक्ट्रॉनिक मेटलचा. २०१० चा ‘ग्रोसे फ्राइहाइट’ हा अल्बम त्या वर्षी जर्मनीत सर्वांत जास्त खपला, आणि त्यात गिटार हळूहळू पडद्यासारखी मागे लटकू लागली. पियानो पुढे, गायक पुढे, गिटार फक्त ध्रुवपदाला जाडी द्यायला. खप वाढला याबद्दल तक्रार नाही. पण इंडस्ट्रियल मेटलमध्ये यंत्र आणि माणूस यांची झटापट ऐकू यायला हवी, आणि इथे ती संपली होती. म्युनिकचे आइसब्रेखर त्या मानानं तोल सांभाळतात. २०१७ चा त्यांचा ‘श्टुर्मफार्ट’ जर्मन यादीत पहिला आला, तरी गिटार जागेवर होती.

दुसरा खरा दोष मोठ्यात मोठ्या आवाजाच्या स्पर्धेचा. अजूनही कित्येक अल्बम −७ किंवा −६ एलयूएफएसला (हे सरासरी आवाजपातळीचं माप) ठेचून बाहेर पडतात. स्पॉटिफाय सगळं सरासरी −१४ वर आणून ठेवतं, म्हणजे ती सात-आठ डेसिबलची मारामारी श्रोत्यापर्यंत पोचतच नाही. पोचतं ते फक्त चेपलेलं टोक. हातानं कापलेली शांतता, तीच लिमिटरच्या शेपटीनं भरून जाते. एवढी मेहनत करून शेवटच्या टप्प्याला तिच्यावर पाणी ओतण्याचा हा प्रकार आम्हाला अजिबात समजलेला नाही.

तिसरा वाद मंचावरच्या ध्वनिमुद्रित भागांचा. इथे आमचं मत मधलं नाही. सीक्वेन्सरचे आवर्तनी भाग, समूहस्वर, खालचे सिंथचे धमाके हे मुद्रित असायला हरकत नाही. ते मुळात वाजवलेलेच नव्हते, बसवलेले होते. मुख्य आवाज आणि मुख्य गिटार मात्र जिवंतच हवी. रामश्टाइनचा फ्लाके चालत्या पट्ट्यावर पावलं टाकत कीबोर्ड वाजवतो, म्हणजे हे अशक्य नाही. गंमत म्हणजे युरोव्हिजनमध्ये १९९९ पासून सगळी वाद्यं मुद्रितच असतात, मुख्य गायक मात्र खरा गातो. तिथे कुणी ‘हे खोटं आहे’ म्हणून ओरडत नाही. मेटल बँडनं लॅपटॉप मंचावर आणला की मात्र ओरड होते.

तेव्हा एआरडीच्या केंद्रांनी एक साधी गोष्ट करावी. निवडीला आलेली गाणी कार्यालयातल्या भोंग्यावर न ऐकता स्वतःच्या प्रक्षेपण-साखळीतून सोडून, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर आणि गाडीत ऐकावीत, बँडची नावं झाकून. नकार दिला तर त्याचं कारण लेखी द्यावं: लांबी, बोल, पातळी, की नुसतीच नावड. नावड हेही कारण आहे, पण मग तसं लिहावं.

बँडांनीही नुसतं रडत बसू नये. रेडिओसाठी वेगळा मास्टर (गाण्याची अंतिम मुद्रित प्रत) द्यायला स्टुडिओला अर्धा दिवस लागतो. ४० सेकंदांची घुमणारी सुरुवात ८ सेकंदांवर आणा, पहिलं ध्रुवपद मिनिटाच्या आत येऊ द्या, एकूण लांबी तीन मिनिटांत बसवा, युरोव्हिजनचाही नियम तोच आहे. लिमिटर दोन-तीन डेसिबल सैल सोडा, कारण केंद्राचं यंत्र उरलेलं काम करणारच आहे. ४० हर्ट्झच्या खालचा सिंथ काढून टाका, स्वयंपाकघरातल्या रेडिओला तो झेपत नाही आणि शक्तीच्या सरासरीत फुकट जागा खातो. गिटार मात्र एक डेसिबलही खाली घेऊ नका.